भरधाव वेग आणि अपघाताची भरपाई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातल्या ४,६१,३१२ अपघातांची नोंद आहे. त्यातल्या ७२.३ टक्के अपघातांपुढे कारण म्हणून अतिवेग लिहिलेला आहे. त्यामुळे भरपाईचा दावा लावायला निघालेल्या बहुतेक कुटुंबांच्या कागदांत 'भरधाव' हा शब्द असतोच. तरीही त्या वेगाचा दाव्यावर नेमका काय परिणाम होतो, याबद्दल गैरसमज फार आहेत. काहींना वाटतं समोरच्याला चलान झालं की दावा जिंकला. काहींना वाटतं आपलीही गाडी जोरात होती, आता काही मिळणार नाही. दोन्ही समज चुकीचे आहेत आणि दोन्हींमुळे लोकांचं नुकसान होतं. इथे दिलेली उत्तरं भारतातल्या कायद्यापुरती आहेत.

कायद्यात फार मोठ्या अतिवेगाला वेगळी शिक्षा आहे का?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८३ मध्ये नाही. मर्यादा १०० असताना ११० ने जाणारा आणि १६० ने जाणारा, दोघांनाही तेच कलम लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये दंड आहे, आणि मध्यम व जड वाहनांना २,००० ते ४,००० रुपये. पुन्हा सापडल्यास लायसन्स जप्त होऊ शकतं. माझ्या मते ही कायद्यातली मोठी उणीव आहे, कारण १६० ने धावणाऱ्या गाडीचा धोका ११० च्या गाडीपेक्षा थोडाथोडका जास्त नसतो. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते.

मात्र पोलीस कलम १८३ वरच थांबतात असं नाही. धोकादायक पद्धतीने गाडी चालवल्यास कलम १८४ लागतं. त्यात पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. रस्त्यावर शर्यत लावली तर कलम १८९. भारतीय न्याय संहितेत बेदरकार वाहन चालवण्याला कलम २८१ आहे आणि हयगयीने मृत्यू घडवण्याला कलम १०६(१), ज्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या कृत्याने माणसं मरू शकतात याची जाणीव असूनही कोणी तसंच वागला, तर प्रकरण सदोष मनुष्यवधापर्यंत जातं. मुंबईत कार्टर रोडवर २००६ मध्ये फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली सापडून गेले. दारू आणि वेग दोन्ही होतं. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाची शिक्षा कायम ठेवली.

यातलं कुठलं कलम लागलं यावर भरपाईची रक्कम ठरत नाही. पण तपास किती खोलवर होतो, कोणते नमुने आणि कोणतं फुटेज जप्त होतं, हे त्या कलमावर बरंच अवलंबून असतं. दावेदाराला त्याचा उपयोग तिथे होतो.

वेगमर्यादा कुठे शोधायची?

कमाल मर्यादा केंद्र सरकार ठरवतं आणि त्याहून कमी मर्यादा राज्य सरकार किंवा त्याने नेमलेला अधिकारी लावू शकतो. त्यामुळे एकाच रस्त्यावर ती बदलते. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० आहे. अटल सेतूवर १०० आहे, पण चढ-उताराच्या रॅम्पवर ४०. दाव्यासाठी अपघात झाला त्या टप्प्यावरचा फलक महत्त्वाचा. जमलं तर त्याचा फोटो काढून ठेवा.

समोरची गाडी भरधाव होती. मग दावा जिंकल्यातच जमा ना?

नाही. नीट समजून घ्यावं असं सगळ्यात महत्त्वाचं इथेच आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालच्या दाव्यात (पुढे नुसतं 'कलम' म्हटलं असेल तिथे हाच कायदा समजा) समोरच्याची हयगय दाखवावी लागते आणि त्या हयगयीमुळेच अपघात झाला हेही दाखवावं लागतं. 'गाडी जोरात होती' एवढ्या वाक्याने काम होत नाही. कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश या १९९८ च्या फौजदारी निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसता 'जास्त वेग' म्हणजे बेदरकारपणा नव्हे. जास्त म्हणजे किती, कुठल्या रस्त्यावर, किती रहदारीत, हे पुराव्यात यायला हवं. मोकळ्या महामार्गावरचा ८० आणि शाळा सुटायच्या वेळी गावातल्या रस्त्यावरचा ८० यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

आपल्याकडच्या फिर्यादी वाचल्या तर जवळजवळ प्रत्येकीत एकच वाक्य सापडतं: 'आरोपीने आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून भरधाव वेगात चालवून…' शेकडो फिर्यादींत तेच शब्द असल्यामुळे विमा कंपनीचा वकील त्याला साचा म्हणतो, आणि त्याचं म्हणणं सहज खोडता येत नाही. म्हणून जबाब देताना पुढचं सांगा. गाडी कुठल्या बाजूने आली, दुभाजक ओलांडला का, ब्रेक लागल्याचा आवाज आला का, धडकेनंतर ती किती लांब जाऊन थांबली, पाऊस होता का, दिवे चालू होते का. 'मी रस्त्याच्या डाव्या कडेने चालत होतो, मागून पांढरी मोटार आली, मला उडवल्यावर ती पुढच्या विजेच्या खांबावर आदळली आणि खांब वाकला' या एका वाक्यात साच्यातल्या दहा शब्दांपेक्षा जास्त पुरावा आहे.

उलट बाजूही लक्षात ठेवा. वेग मर्यादेच्या आत असूनही हयगय असू शकते. मर्यादा ८० असली तरी धो-धो पावसात, धुक्यात किंवा वळणावर ८० ने जाणं ही हयगय ठरू शकते. 'आमच्या चालकाला चलान झालेलंच नाही' असं कोणी म्हणालं तर त्याने दावा संपत नाही.

वेग सिद्ध कसा करायचा? आमच्याकडे काही यंत्र नव्हतं.

बहुतेकांकडे नसतंच. अपघात भरपाईचे दावे जिथे चालतात त्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला फौजदारी न्यायालयासारखा संशयापलीकडचा पुरावा लागत नाही. कोणती गोष्ट घडल्याची शक्यता जास्त आहे, एवढं दाखवायचं असतं. त्यामुळे लहानसहान पुरावे एकत्र आणून चित्र उभं करता येतं.

घटनास्थळ पंचनामा पहिला. त्यात रस्त्याची रुंदी, टायर घासल्याच्या खुणांची लांबी, काचा कुठे पडल्या, वाहनं कुठल्या स्थितीत होती हे लिहिलेलं असतं, निदान असायला हवं. हल्लीच्या गाड्यांत एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असल्यामुळे पूर्वीसारख्या लांब काळ्या रेषा पडतीलच असं नाही. खुणा नाहीत म्हणजे ब्रेकच लावला नाही, असाही निष्कर्ष घाईने काढू नये. दुसरा कागद आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाचा तपासणी अहवाल. गाडीचा कुठला भाग किती आत गेला आणि ब्रेक चालू स्थितीत होते का, हे त्यात असतं. 'अपघात यांत्रिक बिघाडामुळे झालेला नाही' असा शेरा असेल तर ब्रेक फेल झाल्याची सबब तिथेच ढिली पडते.

मग फुटेज. दुकानं, पेट्रोल पंप, सोसायट्या यांच्या कॅमेऱ्यांतलं चित्रण काही दिवसांतच आपोआप पुसलं जातं. पोलीस ते आणतील या भरवशावर बसू नका. तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या, त्यात कॅमेऱ्यांच्या जागा लिहा आणि पोच घ्या. फुटेज पेनड्राइव्हवर मिळालं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्रही सोबत हवं, नाहीतर ऐन सुनावणीत ते दाखवायलाही मिळत नाही. सरकारी कॅमेऱ्यांबाबत केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १६७अ आहे: यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र असावं लागतं, गुन्ह्याची सूचना १५ दिवसांत पाठवावी लागते आणि चलान निकाली निघेपर्यंत नोंद जपावी लागते.

फास्टॅगकडे लोकांचं लक्ष जात नाही. दोन टोलनाक्यांमधलं अंतर ५० किलोमीटर असेल आणि नोंदींत २४ मिनिटांचा फरक असेल, तर सरासरी वेगच ताशी १२५ किलोमीटर निघतो. अपघाताच्या जागी नेमका तेवढाच वेग होता हे यावरून सिद्ध होत नाही, पण चालक कसा येत होता हे समजतं. प्रवासी वाहतुकीच्या बसला बसवलेल्या लोकेशन यंत्राची नोंद आणखी नेमकी असते. काही मोटारींच्या एअरबॅग यंत्रणेत धडकेआधीच्या काही सेकंदांचा वेग साठवलेला असतो. गाडी भंगारात जाण्याआधी ती नोंद काढून घेण्याचा अर्ज न्यायाधिकरणात करावा लागतो.

साक्षीदाराने सांगितलेल्या वेगाचं काय? कलम १८३(३) नुसार एकट्या साक्षीदाराच्या अंदाजावरून कोणाला अतिवेगाबद्दल दोषी धरता येत नाही. यंत्राची नोंद असेल तर गोष्ट वेगळी. हे शिक्षेपुरतं. भरपाईच्या दाव्यात साक्षीदाराचं म्हणणं बाकी पुराव्याशी जुळलं तर त्याला वजन मिळतं. त्याने 'ताशी ११० होता' असं छातीठोकपणे सांगू नये. उलटतपासणीत 'तुम्ही कसा मोजला?' या एका प्रश्नात तो अडकतो. जे पाहिलं तेवढंच सांगावं.

आणि समोरचा चालक साक्षीला उभाच राहिला नाही, तर त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढता येतो. तुमच्या वकिलाला हा मुद्दा युक्तिवादात घ्यायला सांगा.

त्याने चलान भरून टाकलं. म्हणजे चूक कबूल केली ना?

अतिवेगाची, फार तर. अपघाताची जबाबदारी त्याने आपोआप येत नाही. पण त्याच वेळेचं आणि त्याच टप्प्यावरचं चलान असेल तर कागद भक्कम आहे, तो जरूर दाखल करा.

माझाही वेग मर्यादेपेक्षा जास्त होता. आता दावा करावा की नाही?

करावा. तुमच्या वाट्याची चूक जेवढे टक्के ठरेल तेवढी भरपाई कापली जाते, दावा रद्द होत नाही. वकिलांच्या भाषेत याला सहभागी हयगय म्हणतात. चूक ४० टक्के तुमची ठरली तर ६० टक्के रक्कम मिळते. ६० टक्के ठरली तरी ४० टक्के मिळते.

जुलै २०२५ चा एक निकाल पाहण्यासारखा आहे. महामार्गावर पुढच्या मोटारीने कसलाही इशारा न देता एकदम ब्रेक लावला, मागचा मोटारसायकलवरचा विद्यार्थी तिच्यावर आदळून पडला आणि मागून आलेली बस त्याच्या पायावरून गेली. पाय कापावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने मोटारचालकाची चूक ५० टक्के धरली, बसची ३० आणि विद्यार्थ्याची २० टक्के. त्याने पुरेसं अंतर राखलं नव्हतं आणि त्याच्याकडे वैध लायसन्स नव्हतं. तरीही ८० टक्के भरपाई त्याला मिळाली.

तुमचा वेग आणि अपघात यांचा संबंध होता का, हे इथेही बघावंच लागतं. सिग्नलला थांबलेल्या गाडीला मागून ठोकलं, तर तासाभरापूर्वी तुम्ही किती वेगाने आलात याला अर्थ नाही. पण ताशी १०० ने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते आणि ६० ने जाणारी १७ मीटर. बाजूच्या रस्त्यावरून ट्रॅक्टर एकदम वर आला आणि तुम्ही १०० ने होता, तर ६० ने असता तर थांबू शकला असता का, हा प्रश्न विचारला जाणारच. त्याचं उत्तर आधीच तयार ठेवा.

आपला वेग लपवू मात्र नका. फुटेज बाहेर आलं की वेगाबरोबर तुमच्या बाकीच्या साक्षीवरचाही विश्वास उडतो.

हेल्मेट नव्हतं, तिघे बसलो होतो, लायसन्सची मुदत संपली होती. यावरून रक्कम कापतात?

आपोआप नाही. २०२० मध्ये मोहम्मद सिद्दिकी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मोटारसायकलवर तिघे बसणं हा नियमभंग आहे, पण त्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवल्याशिवाय सहभागी हयगय धरता येत नाही. विमा कंपनीच्या लेखी उत्तरात हे मुद्दे हमखास असतात. घाबरून तडजोडीला तयार होऊ नका.

समोरचा दीडशेच्या वेगात होता. मग भरपाई जास्त मिळेल ना?

नाही. भरपाई तुमच्या नुकसानीवर ठरते, समोरच्याच्या अपराधाच्या गांभीर्यावर नाही. त्याला धडा शिकवण्यासाठी जादा रक्कम देण्याची पद्धत आपल्या मोटार अपघात दाव्यांत नाही. लोकांना हे पटायला जड जातं आणि त्यांचा राग मला समजतो, पण सगळी ताकद समोरच्याचा वेग किती भयंकर होता हे सांगण्यात घालवली तर उत्पन्नाचा आणि अपंगत्वाचा पुरावा कच्चा राहतो. रक्कम त्यावर ठरते.

हिशेब कसा होतो ते पाहा. ३४ वर्षांचा माणूस, स्वतःचा व्यवसाय, महिना २०,००० रुपये उत्पन्न. पायाच्या दुखापतीमुळे कमाईची क्षमता ३० टक्के कमी झाली. वर्षाचे २,४०,०००. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाला भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के मिळवतात, म्हणजे ३,३६,०००. त्याचे ३० टक्के १,००,८००. ३१ ते ३५ वयाला गुणक (वर्षाच्या नुकसानीला ज्याने गुणतात तो वयानुसार ठरलेला आकडा) १६, म्हणजे १६,१२,८०० रुपये. याशिवाय औषधोपचार, वेदना, सोबतीचा माणूस, प्रवास, बुडालेली कमाई वेगळी मिळते. हे गुणक सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) निकालातले आणि भविष्यातली वाढ प्रणय सेठी (२०१७) निकालातली.

याच माणसाची २५ टक्के चूक धरली गेली तर एवढ्या एका बाबीतच ४,०३,२०० रुपये जातात. वेगावरून विमा कंपनी इतकं का भांडते, ते या आकड्यावरून कळतं.

अपंगत्वाच्या दाखल्यावरचा टक्का आणि कमाईच्या नुकसानीचा टक्का एकच असतो असंही नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०१०) निकालाने हे स्पष्ट केलं. एका पायाला ३० टक्के अपंगत्व आलेला कारकून बसून काम करू शकतो. तेच अपंगत्व आलेल्या रिक्षाचालकाचा धंदा पुरता बसतो. तुमचं काम नेमकं काय आणि आता त्यातलं काय जमत नाही, हे साक्षीत बारकाईने आलंच पाहिजे. जखमी माणूस आधी पाठीवर पोतं उचलायचा की नाही, जिने चढायचा की नाही, इतक्या तपशिलात.

विमा कंपनी म्हणते, आमचा ग्राहक बेफाम वेगात होता, म्हणून आम्ही पैसे देणार नाही.

असं म्हणता येत नाही. तिसऱ्या व्यक्तीच्या (थर्ड पार्टी, म्हणजे विमा काढणारा आणि कंपनी सोडून ज्याचं नुकसान झालं त्याच्या) दाव्यात विमा कंपनीला कोणते बचाव घेता येतात ते कलम १५० मध्ये ठरवून दिलेले आहेत. लायसन्स नसणं, परवान्याविना वापर, दारूच्या अमलाखाली गाडी चालवणं, आयोजित शर्यत किंवा वेगचाचणी, असे ते आहेत. साधा अतिवेग त्यात नाही. चालकाच्या हयगयीसाठीच तर तो विमा काढलेला असतो.

आयोजित शर्यतीचा बचाव कंपनीला घेता येतो, त्यामुळे दोन मित्र महामार्गावर पुढेमागे धावत होते तेव्हा कंपनी त्याला शर्यत म्हणण्याचा प्रयत्न करते. ते सिद्ध करण्याची जबाबदारी तिची. अटींचा भंग सिद्ध झाला तरी अनेक प्रकरणांत न्यायाधिकरण कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावतं आणि नंतर ते गाडीमालकाकडून वसूल करायची मुभा देतं.

मी त्याच भरधाव गाडीत मागच्या सीटवर होतो. दावा कोणावर?

तुमच्या गाडीच्या चालक-मालकावर आणि तिच्या विमा कंपनीवर, आणि दुसऱ्याही गाडीची चूक असेल तर तिच्यावरही. प्रवाशाचं स्टिअरिंगवर नियंत्रण नसतं, म्हणून चालकाची चूक सहसा त्याच्या माथी मारली जात नाही. दोन गाड्यांच्या चुकीत तुम्ही सापडला असाल तर पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही वसूल करता येते. खेन्येई निकालाने (२०१५) हा हक्क पक्का केला. आपापसातला वाटा त्यांनी बघायचा.

चालक अनेकदा मेहुणा, मित्र, शेजारी असतो आणि लोक दावा लावायला संकोचतात. गाडीची पॉलिसी चालू असेल तर पैसे विमा कंपनीने द्यायचे असतात. पॉलिसी नुसती थर्ड पार्टीची आहे की पॅकेज (जास्त व्यापक संरक्षणाची), हे आधी तपासा. खाजगी मोटारीची पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची असेल तर प्रवाशाची जबाबदारी आपल्यावर नाही असं म्हणून कंपनी वाद घालते.

गाडी चालवणारा स्वतःच्याच वेगामुळे गेला. दुसरं वाहन नव्हतं. कुटुंबाला काही मिळेल?

अवघड आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात, स्वतःच्या बेदरकार वेगामुळे गाडी उलटून मृत्यू झालेल्या चालकाच्या वारसांची मागणी फेटाळली. आपल्याच चुकीची भरपाई तिसऱ्या व्यक्तीच्या विम्यातून मागता येत नाही, हे त्याचं सार. मात्र मालक-चालकासाठी १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं. ते करारानुसार मिळतं, तिथे कोणाची हयगय दाखवावी लागत नाही. पॉलिसीचं पान नीट बघा, हे कलम बघायचं कुटुंबाकडून राहून जातं. आयुर्विमा, बँक खात्याबरोबरचा अपघात विमा आणि नोकरीतला गट विमाही तपासा.

फौजदारी खटल्यात चालक निर्दोष सुटला. आमचा दावा गेला का?

नाही. दोन्हींत पुराव्याची कसोटी वेगळी आहे. साक्षीदार फितूर झाले म्हणून तो सुटला असेल तर न्यायाधिकरण पंचनामा, आरटीओचा अहवाल आणि तुमची साक्ष यांवरून स्वतंत्र निष्कर्ष काढू शकतं.

चूक सिद्ध न करता मिळणारे पाच लाख घ्यावेत का?

कलम १६४ नुसार मृत्यूला ५ लाख आणि गंभीर इजेला अडीच लाख रुपये मिळतात, हयगय दाखवावी लागत नाही. वेगाचा पुरावा काहीच नसेल आणि तुमच्याच बाजूची चूक मोठी दिसत असेल तर विचार करण्यासारखं आहे. पण ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा दावा संपतो. वर ३४ वर्षांच्या माणसाचा हिशेब दिला आहे, त्याच्याशी तुलना करा. दवाखान्याचं बिल थकलंय म्हणून घाईने सही करणारे लोक पाहिले की वाईट वाटतं.

बिलाच्या तातडीसाठी मे २०२५ पासून केंद्राची रोखरहित उपचार योजना आहे. अपघातापासून सात दिवसांपर्यंत, प्रति व्यक्ती दीड लाख रुपयांपर्यंत. ती भरपाईच्या दाव्यापासून वेगळी आहे.

मुदत किती?

कलम १६६(३) नुसार अपघातापासून सहा महिने. ही तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन, केवळ उशीर झाला म्हणून दावे फेटाळू नयेत असं सांगितलं. तरी त्या आदेशाच्या जिवावर थांबू नका.

पोलिसांनी ४८ तासांत प्राथमिक आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि तो अहवालच दाव्याचा अर्ज म्हणून धरता येतो. प्रत्यक्षात सगळीकडे हे वेळेवर होत नाही. पाठपुरावा करा आणि आपला अर्जही तयार ठेवा. अर्ज अपघाताच्या ठिकाणीच करावा लागतो असं नाही. तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही चालतो.

ठोकर मारून गाडी पळाली, नंबरही कळला नाही.

कलम १६१ खाली मृत्यूला २ लाख, गंभीर इजेला ५०,००० रुपये. रक्कम तोकडी आहे. म्हणून आधी टोलनाके आणि पेट्रोल पंपांचं फुटेज शोधायला लावा. नंबर मिळाला तर पूर्ण दावा करता येतो.

बस कंपनीचं वेळापत्रकच इतकं घट्ट होतं की चालकाला पर्याय नव्हता. याचा उपयोग होतो?

होतो, आणि वकीलही हे क्वचित वापरतात. कलम १८३(४) सांगतं की वेगमर्यादा न मोडता जे वेळापत्रक पाळणं शक्यच नाही, असं वेळापत्रक काढणं किंवा तसा आदेश देणं हा मालकाने गुन्हा घडवल्याचा प्रथमदर्शनी पुरावा आहे. रात्रीच्या खाजगी बसच्या तिकिटावर सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ छापलेली असते. वेळेतून थांबे वजा करा, अंतर भागिले उरलेला वेळ करा, आणि निघणारा वेग मर्यादेच्या वर गेला तर ते तिकीट जपून ठेवा. वेळेत पार्सल पोहोचवण्याच्या लेखी सूचनांनाही हेच लागू होऊ शकतं.

चालक अल्पवयीन होता.

कलम १९९अ नुसार पालक किंवा मालक जबाबदार: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. भरपाईसाठी मालकाला जाबदार (दाव्यातला विरुद्ध पक्ष) करायचंच. गाडी विकली होती असं तो म्हणाला तरी आरटीओच्या नोंदीवर ज्याचं नाव तोच मालक धरला जातो.

अमेरिकेतले 'सुपर स्पीडर' कायदे इथे लागू होतात का? इंटरनेटवर त्यांचीच माहिती जास्त दिसते.

लागू होत नाहीत, आणि त्यावरून इथला अंदाज बांधू नका. फ्लोरिडात १ जुलै २०२५ पासून मर्यादेपेक्षा ताशी ५० मैलांनी जास्त, किंवा धोका निर्माण होईल अशा रीतीने ताशी १०० मैल वा अधिक वेगाने गाडी चालवण्याला स्वतंत्र गुन्हा केलं आहे. पहिल्याच वेळी ३० दिवसांपर्यंत कैद होऊ शकते. तिथल्याच जॉर्जिया राज्यात दंडावर वेगळी जादा आकारणी आहे. तिथे अतिबेजबाबदार वागणुकीसाठी दंडात्मक भरपाईही मागता येते. उलट फ्लोरिडात २०२३ पासून जखमीचीच चूक ५० टक्क्यांहून जास्त ठरली तर त्याला काहीच मिळत नाही. आपल्याकडे तशी रेषा नाही.

विमा कंपनीचा माणूस दवाखान्यात आला आणि जबाबावर सही मागतोय.

वेदनेत, गुंगीत किंवा न वाचता सही करू नका. 'आमचीही गाडी जरा जोरातच होती' असं सहज बोललेलं वाक्य पुढे लेखी उत्तरात तुमच्या विरोधात येतं. त्याला पॉलिसीची आणि एफआयआरची माहिती द्या, बाकी जबाब वकिलासमोर देऊ असं नम्रपणे सांगा. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही.

निकालानंतर पैसे कधी हातात येतात?

आदेशानंतर ३० दिवसांत कंपनीने रक्कम भरायची असते. अल्पवयीन मुलांची रक्कम आणि अनेकदा मोठ्यांच्याही रकमेचा भाग बँकेत मुदत ठेवीत ठेवला जातो. उपचारासाठी लागली तर अर्ज करून काढता येते. हयगयीचा टक्का चुकीचा लावला असं वाटलं तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं, वादातली रक्कम एक लाखापेक्षा कमी असेल तर मात्र नाही. अपिलाचा निर्णय घेण्याआधी निकालपत्राची प्रमाणित प्रत घ्या आणि तुमच्या वेगाबद्दल न्यायाधिकरणाने कोणत्या पुराव्यावर विसंबून लिहिलं आहे तो परिच्छेद शोधा. तिथे पंचनामा किंवा फुटेज यांचा आधार नसेल, नुसता फिर्यादीतला साचा असेल, तर अपिलात दम आहे.